लठ्ठ अक्षराच्या पोटातली जागा

अक्षर लठ्ठ करायचं म्हणजे रेघ जाड करायची, इतकंच आपल्याला वाटतं. रोमन लिपीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. देवनागरीत नाही. आपल्याकडे रेघ जाड करायला घेतली की पहिला प्रश्न येतो तो अक्षराच्या पोटाचा. ‘ण’ला पोट असतं किती? ‘झ’ला? ‘क्ष’ला तर जेमतेम श्वास घेण्यापुरतं. वर शिरोरेषा, खाली उकार, डोक्यावर मात्रा आणि रफार, शेजारी काना. या गर्दीत प्रत्येक रेघेने बाळसं धरलं तर आतला पांढरा कागद जाणार कुठे?

गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या जामनेरच्या बाजारपेठेतल्या पाट्यांवर गुबगुबीत मराठी अक्षरं फार दिसू लागली आहेत. लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान, कुल्फीची गाडी, बालवाडी, वडापाव, वाढदिवसाचा फलक, सगळीकडे गोल खांद्यांची, फुगलेल्या गालांची अक्षरं. ती पाहून साहित्याशी संबंध असलेली माणसं बहुधा नाक मुरडतात. मला मात्र ती नीट बघावीशी वाटली. पुस्तकातल्या मजकुराइतकाच पाटीवरचा मजकूर हाही मराठीचा छापील संसार आहे, आणि बहुसंख्य माणसांच्या वाट्याला दिवसभरात तोच येतो.

या लठ्ठ कुटुंबातलं सर्वांत लठ्ठ अपत्य म्हणजे ‘मोदक’ नावाचा अक्षरसंच, म्हणजे फॉन्ट. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने तो केला. त्यातली देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची, रोमन अक्षरं नूपुर दात्ये यांची, आणि सोबत गिरीश दळवी यांच्यासारख्या अभ्यासकाचा हातभार. गूगलच्या मोफत फॉन्टसंग्रहातून तो कोणालाही फुकट घेता येतो. नाव मोदक असलं तरी ते कोकणातल्या उकडीच्या मोदकावरून सुचलं असावं असं अक्षरांकडे पाहून वाटतं. आमच्याकडचा मोदक कणकेचा आणि तळणीचा, त्याच्या कळ्या तेलात ताठ होतात. मोदक फॉन्टमधल्या अक्षरांच्या अंगावर ज्या बारीक पांढऱ्या रेघा दिसतात, त्या थेट उकडीच्या कळ्यांसारख्या मऊ वळणाच्या आहेत. हे निरीक्षण माझं. रचनाकारांच्या मनात ते होतं की नाही, याला फारसं महत्त्व नाही.

जाड अक्षरांचा इतिहास तसा जाहिरातीचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये लॉटरी, नाटकं आणि लिलावांच्या भित्तिपत्रकांसाठी फार जाड रेघांचे ठसे पाडले जाऊ लागले. त्याआधी छपाई म्हणजे मुख्यतः पुस्तक. ते हातात धरून वाचायचं. भित्तिपत्रक रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवायचं होतं, म्हणून अक्षराने आवाज चढवला. पुढे अमेरिकेत शिकागोच्या ऑसवल्ड कूपर यांनी १९२२ साली ‘कूपर ब्लॅक’ केला. कोपरे नसलेला, कडा वितळल्यासारखा तो काळा ठसा आजही जगभर बिस्किटांपासून गाण्यांच्या तबकड्यांपर्यंत दिसतो. चढलेला आवाज धमकावणीचा न वाटता लाडिक वाटू शकतो, हे कूपरच्या ठशाने दाखवून दिलं. गोल कड आणि जाड अंग एकत्र आलं की माणसाला तान्हं मूल किंवा उशी आठवते, काठी आठवत नाही. सगळ्या गुबगुबीत अक्षरांचं गुपित एवढंच.

पण कूपरला सांभाळायची होती सव्वीस मोठी आणि सव्वीस लहान अक्षरं. त्यांतली बहुतेक एकमेकांना न चिकटता सुटी उभी राहतात. रोमन ‘ओ’ कितीही फुगवा, मध्ये एक थेंबभर पांढरं ठेवलं की तो ‘ओ’च राहतो. ‘आय’ला तर पोटच नाही. देवनागरीत अक्षर सुटं नसतं, ते शब्दाच्या शिरोरेषेला टांगलेलं असतं, आणि त्याच्या चारी बाजूंना स्वरचिन्हं येऊन बसतात. त्यामुळे आपल्याकडे जाडी वाढवण्याचा प्रश्न हा सौंदर्याचा होण्याआधी जागेचा होतो.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात ही अडचण आणखी मोठी होती. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर हाताने लिहून. दगडावर लेखकाचा हात मोकळा होता; अक्षर हवं तसं फुगवावं, मात्रा हवी तिकडे झुकवावी. पुढे त्यांनीच स्वतः ठसे तयार केले, आणि नंतर निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी राणोजी रावजी आरूंसारख्या कसबी माणसाच्या हातून देवनागरीचे असे सुबक ठसे घडवले की संस्कृत ग्रंथांसाठी देशभर त्यांचं नाव झालं. खिळा आला तसा चौकोनही आला. प्रत्येक अक्षर शिशाच्या एका ठोकळ्यात बसायला हवं. मुंबईकडच्या ‘डिग्री’ पद्धतीत मधल्या ओळीत अक्षरं, वरच्या पट्टीत मात्रा-वेलांट्या-रफार आणि खालच्या पट्टीत उकार, असे तीन मजले जुळारी जुळवत असे. ‘अखंड’ पद्धतीत मात्रेसकट अक्षर एका अंगावर घेण्याकडे कल होता, म्हणून खिळ्यांची संख्या अफाट वाढे. दोन्ही पद्धतींत फुगलेल्या उकाराने शेजारच्या अक्षराच्या हद्दीत जाण्याची सोय नव्हती. धातू दबत नाही. मराठी छापील अक्षराचा चेहरा गंभीर राहिला, त्याचं बरंचसं कारण आपल्या स्वभावात नसून या ठोकळ्यात आहे, असं माझं मत आहे.

ठळक खिळे होते, नाही असं नाही. तमाशाची आणि सर्कशीची हँडबिलं, कुस्त्यांच्या दंगलीची पत्रकं यांसाठी मोठे लाकडी ठसेही होते. पण ते सगळे जाड असूनही शिस्तीत उभे. त्यांना हसू येत नसे.

हसू आलं ते ब्लॉकमुळे. हाताने काढलेलं शीर्षक जस्ताच्या ब्लॉकवर उतरवता येऊ लागलं आणि मासिकांच्या, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर पुन्हा हात आला. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या परंपरेत चित्र आणि अक्षर शेजारी शेजारी वाढले. दीनानाथ दलालांसारखे चित्रकार अक्षरालाही चित्राचाच भाग मानत. कमल शेडगे यांनी तर मराठी नाटकांच्या वृत्तपत्री जाहिरातींत अक्षरांनाच पात्रं केलं. जागा लहान, छपाई काळी-पांढरी, आणि शेजारी पाच-पंचवीस दुसऱ्या जाहिराती. अशा पानावर नाटकाचं नाव विनोदी आहे की करुण, ऐतिहासिक आहे की घरगुती, हे वाचण्याआधी दिसलं पाहिजे. शेडग्यांचं अक्षर ते दाखवायचं. २०२० साली ते गेले, तेव्हा अनेकांना प्रथमच जाणवलं की आपण ज्याला नाटकाचं ‘नाव’ म्हणून ओळखत होतो ती एका माणसाच्या हाताची वळणं होती.

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. शेडग्यांनी काढलेलं शीर्षक हे एकाच नावासाठी असतं. त्यातला ‘ग’ त्या शेजारच्या ‘र’साठी वळलेला असतो. तोच ‘ग’ उचलून दुसऱ्या नावात ठेवला तर परका दिसेल. फॉन्टचं काम उलटं आहे. त्यातल्या ‘ग’ला पुढे कोण येणार हे ठाऊक नसतं. आज ‘गाडगे’, उद्या ‘गृहिणी’, परवा ‘दुर्ग’. कोणत्याही शेजाऱ्याबरोबर त्याला नांदता आलं पाहिजे. हाताने काढलेल्या नावात चित्रकार एकदाच विचार करतो, पण पूर्ण करतो. फॉन्टमध्ये रचनाकाराला अजून जन्माला न आलेल्या सगळ्या शब्दांचा विचार आधीच करावा लागतो. आणि तो फॉन्ट गमतीदार, हाताने काढल्यासारखा दिसणारा असेल, तर दुहेरी अवघड: दिसायला हवं की आताच सहज काढलंय, आणि आतून हवी कडक शिस्त.

मोदकमध्ये हा पेच कसा सोडवला, ते पाहण्यासारखं आहे. सुरुवात कागदावर हाताने रेखाटलेल्या अक्षरांनी झाली. मग एक उलटी चाल खेळली गेली. सामान्यतः अक्षररचनाकार काळी रेघ ठरवतो, तिची जाडी पक्की करतो, आणि पांढरं जे उरेल ते उरेल. मोदकमध्ये पांढरं आधी ठरतं. अक्षर म्हणजे जणू कणकेचा एक गोळा, आणि त्यावर दोऱ्याने पाडलेल्या चिरा. चिरांची रुंदी सगळीकडे सारखी राखायची. काळ्या अंगाची जाडी मग जागेप्रमाणे कमी-जास्त झाली तरी चालेल. ‘क’च्या पोटात पांढरा गोल नाही, एक वळलेली रेघ आहे. ‘ग’ आणि त्याचा दंड यांच्यामध्ये मैदान नाही, एक बोळ आहे. अक्षर ओळखू येतं ते त्या बोळांच्या नकाशावरून. वाचणारा काळं वाचतोय असं समजतो, प्रत्यक्षात तो पांढऱ्या रेघा वाचत असतो.

यापुढचा भाग जास्त कष्टाचा आहे. मात्रा, वेलांट्या, उकार आपापल्या जागी नुसते चिकटवले तर गोळ्यावर गोळे बसवल्यासारखं दिसेल. ते अक्षरात विरघळले पाहिजेत. पहिली वेलांटी ‘नि’वर किती पसरायची आणि ‘क्षि’वर किती, हे वेगळं, म्हणून एकच वेलांटी पुरत नाही, अनेक रुंदीच्या वेलांट्या करून ठेवाव्या लागतात आणि कोणत्या अक्षरासोबत कोणती यावी याच्या सूचना फॉन्टच्या पोटात लिहाव्या लागतात. ‘कु’चा उकार एका ठिकाणी लोंबतो, ‘टु’चा दुसऱ्या, ‘रु’चा तर कमरेला येतो. साध्या फॉन्टमध्ये थोडी कसर राहिली तरी डोळा माफ करतो. लठ्ठ फॉन्टमध्ये दोन काळ्या अंगांमधली चीर केसभर जरी बुजली तरी डाग दिसतो. म्हणून अशा जोड्या एकेक करून हाताने बसवाव्या लागतात. शिशाच्या ठोकळ्यात जे अशक्य होतं, अक्षराने शेजाऱ्याच्या हद्दीत पाय पसरणं, ते इथे शक्य झालं, पण फुकट नाही झालं.

याच गटाचा दुसरा फॉन्ट ‘बलू’ हा मोदकचा चुलतभाऊ म्हणता येईल. तोही जाडा, गोल कडांचा आणि खेळकर. पण पोट राखून आहे, म्हणून पाटीवर मोदकपेक्षा तोच जास्त दिसतो. त्याचं नाव ‘जंगल बुक’मधल्या अस्वलावरून. देवनागरीपासून सुरू झालेलं हे काम नऊ भारतीय लिप्यांपर्यंत गेलं, आणि प्रत्येक लिपीच्या बलूला त्या त्या भाषेतलं भावाचं नाव मिळालं: गुजरातीचा ‘बलू भाई’, बंगालीचा ‘बलू दा’, गुरुमुखीचा ‘बलू पाजी’, तमिळचा ‘बलू तंबी’, मल्याळमचा ‘बलू चेट्टन’. उर्दूसाठी ‘बलू भाईजान’ही आहे. ‘बलू भाऊ’ मात्र नाही. देवनागरीचा बलू नुसताच बलू. कारण उघड आहे, देवनागरी एकट्या मराठीची नाही. हिंदी, नेपाळी, संस्कृत, कोकणी सगळ्यांचीच. ही गंमत म्हणून सोडून देता आली असती, पण तिच्यातच मराठीचा एक खरा प्रश्न दडलेला आहे.

मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांचं वळण वेगळं आहे, ‘श’चंही. आपला ‘ल’ पाकळीचा, आपला ‘श’ देठाचा. शासनाने वर्णमालेबाबतच्या निर्णयांत तेच प्रमाण मानले आहेत. पण संगणकाच्या युनिकोड पद्धतीत मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांना क्रमांक एकच. पडद्यावर कोणतं वळण उमटेल ते फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं ठेवलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं संगणकाला सांगितलं तर मराठी वळण येतं. हे सांगतो कोण? फलक करून देणाऱ्या दुकानात तर कोणीच नाही. परिणामी पहिलीतलं पोर वर्गात एक ‘श’ गिरवतं आणि त्याच शाळेच्या फाटकावर, ‘शाळा’ याच शब्दात, दुसरा ‘श’ पाहतं. पोर शिकतं दोन्ही, त्याने आभाळ कोसळत नाही. पण पाटीवरचं वळण हळूहळू मराठी राहत नाही, आणि ते कोणी ठरवून केलेलं नाही, हेच मला जास्त खटकतं.

अर्ध्या ‘र’चं तसंच. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत फरक आहे, आणि तो मराठीला हवा आहे. एकाला नमस्कार करायचा, दुसऱ्याला भाजीत मीठ किती ते विचारायचं. दुसऱ्या शब्दातली ती पापणीसारखी खूण मुळातच बारीक आणि तरंगती. तिला लठ्ठ करायचं म्हणजे पापणीची मिशी करायची. रचनाकाराची परीक्षा घ्यायची असेल तर त्याच्या जाड फॉन्टमध्ये ‘दुसऱ्याच्या’ हा शब्द लिहून पाहावा; त्यात सगळं येतं. आणि ‘ख’ आहेच. जुन्या वळणाचा ‘ख’ सैल लिहिला की ‘रव’ होतो, आणि खाना रवाना होतो. आम्हा लोकांच्या मुलखाचं नावच ‘खान्देश’, म्हणून मला याची थोडी जास्त काळजी. इथे मात्र लठ्ठपणा कामी येतो. जाड अंगात ‘र’ आणि ‘व’ खालून जोडले जातातच, आणि ‘ख’ एकसंध होतो.

आता वापराबद्दल. अशा फॉन्टला शीर्षकाचा फॉन्ट म्हणतात ते उगाच नाही. मी मोदकमध्ये ‘भुसावळ’ हा शब्द साध्या लेझर प्रिंटरवर वेगवेगळ्या आकारांत छापून पाहिला. बारा पॉइंटांत शिरोरेषेला लटकलेली वांगी दिसतात, शब्द दिसत नाही. चोवीसला अंदाज येतो. माझ्या मते छत्तीसच्या खाली तो वापरूच नये, आणि खरा फुलतो तो बहात्तरच्या पुढे. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, तिथे चिरा आणखी बुजणार. फलकावर आकार मोठा असतो, पण वाचणारा रस्त्याच्या पलीकडे उभा असतो; अंतर वाढलं की चिरांचं तेच होतं जे बारीक छपाईत होतं. दोन-तीन अक्षरांचं नाव, तेही ओळखीचं, इथवर मोदकचं राज्य. ‘कुल्फी’, ‘गंमत’, ‘बाळ’. पाच शब्दांचं वाक्य त्यात लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याच्या तोंडात पाच मोदक एकदम कोंबणं.

आणि शब्द कोणता, हेही बघावं लागतं. भावपूर्ण श्रद्धांजलीचे फलक अशा गुबगुबीत अक्षरांत मी पाहिले आहेत. विजेच्या खांबाजवळ ‘सावधान’ही तसंच पाहिलंय. गेलेल्या माणसाचं नाव अस्वलाच्या अक्षरांत लिहिलं की घरच्यांना दुखावण्याचा हेतू नसतोच, फलक करणाऱ्या पोराच्या संगणकात तोच फॉन्ट वर होता, एवढंच. पण ‘सावधान’ हा शब्द हसरा दिसला तर त्याचं कामच होत नाही. पाट्यांबद्दलचा कायदा याबाबत काही म्हणत नाही, आणि त्याने म्हणावं असंही नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पाटीवर देवनागरीतली मराठी आधी हवी आणि तिची अक्षरं इतर लिपींपेक्षा लहान नकोत. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा सगळीकडे घाईने मराठी पाट्या चढल्या. कायदा उंची मोजतो. इंग्रजी नाव जुन्या कोरीव अक्षरांत आणि त्याच्या डोक्यावर तेवढ्याच उंचीचं मराठी नाव हाताशी असेल त्या फॉन्टमध्ये, अशा पाट्या मग झाल्या. मोफत फॉन्टचा प्रसार व्हायला तेही एक निमित्त.

फलकाच्या दुकानात प्रत्यक्षात काय चालतं, तेही सांगायला हवं. आमच्याकडच्या बऱ्याच दुकानांत कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्या आहेत. त्यांत युनिकोड मराठी नीट जुळत नाही. वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात. म्हणून अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांवर पुष्कळ काम चालतं. मोदक किंवा बलू हवा असेल तर मजकूर दुसरीकडे, कधी मोबाइलवर, तयार करून त्याचं चित्र आणून चिकटवतात. मग ते चित्र पाटीच्या मापात बसवायला आडवं ओढतात. साधा फॉन्ट ओढला तर अक्षर बेडौल होतं, पण वाचता येतं. मोदक ओढला की उभ्या चिरा रुंद होतात, आडव्या तेवढ्याच राहतात, आणि ज्या एका गोष्टीवर तो सगळा फॉन्ट उभा आहे, ती पांढऱ्या रेघांची समान जाडी, तीच मोडते.

पेंटर असं ओढत नसे. आमच्या गावातल्या एका जुन्या पेंटरकडे मी बरेचदा जाऊन बसतो. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पाटी रुंद असेल तर ते अक्षर रुंद काढत, पण रेघ तेवढीच ठेवत. दोऱ्याने वरची-खालची रेषा मारायची, खडूने अक्षरं टाकायची, आणि भरताना आधी पोटातली जागा ब्रशने राखून मग बाहेरून रंग आणायचा. जाड अक्षर बाहेरून आत भरायचं नसतं, आतलं वाचवत बाहेर जायचं असतं, असं त्यांचं सांगणं. मुंबईत संगणकावर ज्या तत्त्वाने मोदक झाला, तेच तत्त्व जामनेरात तीस-चाळीस वर्षं ऑइलपेंटमध्ये चालू होतं. दोघांनी एकमेकांकडून घेतलेलं नाही. देवनागरीच्या पोटाचा प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तरही बहुधा एकच आहे.

फलकांनी पेंटरांचं काम नेलं, याचा दोष फॉन्टवर टाकणं मला पटत नाही. पेंटरांच्या पाट्या गेल्या त्या डिजिटल छपाई स्वस्त झाल्यामुळे, आणि त्यानंतर मोदक-बलू आले. उलट गमतीदार अक्षर आधी फक्त त्यालाच मिळायचं, ज्याला चांगला पेंटर किंवा मुंबईचा चित्रकार परवडायचा. आज वाडीवस्तीवरच्या शाळेतली बाई स्नेहसंमेलनाचा फलक स्वतः करते आणि तो हसरा दिसतो. हा फॉन्ट ज्या मुक्त परवान्याखाली दिला आहे त्यात तो वापरायची, वाटायची, इतकंच नव्हे तर बदलायचीही मुभा आहे. निर्णयसागरचे ठसे कोणाला असे घरी नेता आले नसते.

गेलं ते वेगळं. ‘काका’, ‘मामा’, ‘बाबा’ असे शब्द फॉन्टमध्ये लिहा. दोन्ही अक्षरं तंतोतंत सारखी. पेंटरच्या ‘मामा’त दुसरा ‘मा’ पहिल्याकडे किंचित झुकलेला असायचा. गावागावांच्या अक्षरांना वळण असायचं. पाचोऱ्याची पाटी आणि जामनेरची पाटी सावलीच्या छटेवरून वेगळी ओळखू यायची. हे वळण जपायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं त्या त्या पेंटरच्याच नावाने संगणकावर आणायचा प्रकल्प केला होता. २०२४ साली ते अकाली गेले. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या स्थानकांवरची हाताने रंगवलेली अक्षरं पाहून कॅथरीन श्मिट या रचनाकार बाईंनी ‘यात्रा वन’ हा देवनागरी फॉन्ट केला. आमची पाचोरा-जामनेर ‘पीजे’ टाळेबंदीत थांबली, तिच्या स्थानकांच्या पिवळ्या पाट्यांकडे बघायला कोणी आलं नाही. ‘शेंदुर्णी’, ‘पहूर’, ‘भागदरा’: रफार, दीर्घ उकार, जवळजवळ अख्खी बाराखडीची कसोटी त्या एका छोट्या मार्गावर होती.

खान्देशी पाट्यांचं म्हणून जे काही वैशिष्ट्य सांगता येईल ते ‘ळ’ हे आहे, अशा निष्कर्षाला मी आलो आहे. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा. इतके ‘ळ’ क्वचितच दुसऱ्या मुलखाच्या नावांत सापडतील. गंमत अशी की आमच्या बोलीत हाच ‘ळ’ जिभेवरून निसटतो. लेवा गणबोलीत केळीची ‘केयी’ होते, डोळ्याचा ‘डोया’. बोलण्यात सोडलेलं अक्षर आम्ही पाट्यांवर जन्मभर वाचतो. आणि फॉन्टांमध्ये ‘ळ’ बहुधा शेवटी काढल्यासारखा दिसतो, कारण देवनागरी म्हणजे मनात आधी हिंदी असते आणि प्रमाण हिंदीला त्याची गरज नाही. दोन गाठोडी एका देठाला, असं त्याचं रूप. जाड करताना दोन्हींची पोटं एकदम बुजतात.

त्या पेंटरकाकांना मी या सहा गावांची नावं पत्र्याच्या पट्ट्यांवर लठ्ठ अक्षरांत काढून मागितली. त्यांनी सहाही ‘ळ’ निराळे काढले. ‘धुळे’मध्ये डावं पोट मोठं आणि उजवं लहान, कारण वरून मात्रा येते. ‘भुसावळ’मध्ये दोन्ही सारखी, शेवटचं अक्षर म्हणून ऐसपैस. ‘जळगाव’मध्ये दोन्ही पोटांत पांढरं ठेवायला जागाच उरली नाही, तर तिथे त्यांनी नुसते दोन ठिपके दिले, डोळ्यांसारखे. पट्ट्यांचे फोटो मी काढून ठेवले आहेत, आणि सोबत प्रत्येक पोटाची मापं. ज्याला खान्देशासाठी ‘ळ’ काढायचा असेल, त्याला ती देण्याची माझी तयारी आहे.